गावंडेकाकांचा ळ

एक जानेवारीच्या सकाळी आमच्या गल्लीत येऊन तुम्ही गावंडेकाकांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्यात, तर ते आधी घसा साफ करतील. मग छाती जरा पुढे काढून, शब्द न् शब्द सुटा करत सांगतील, “क्षमा असावी. नवीन वर्ष अद्याप फलाटावर लागलेले नाही. लागताच सूचना देण्यात येईल.”

आणि तुम्ही ओशाळून वळलात की पाठीमागून हलक्या आवाजात, “हयूहयू लागू द्या ना. घाई काय आहे?”

नवखा माणूस यावर हसतो. आम्ही हसत नाही, कारण काका थट्टा करत नसतात. त्यांचं वर्ष खरोखरच लागलेलं नसतं. ते लागतं तेव्हा काका फाटकापाशी उभे राहून तशी घोषणा करतात, आणि मग आमच्या गल्लीत एकमेकांना शुभेच्छा दिल्या जातात. पहिल्या वर्षी नऊ तारखेला लागलं, दुसऱ्या वर्षी तेराला. बाहेरच्यांना आम्ही सगळेच येडे वाटतो, त्याला इलाज नाही.

मनोहर गावंडे अमरावतीच्या बसस्थानकावर एकतीस वर्षं माइकसमोर बसले. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. परतवाडामार्गे धारणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे.’ हा आवाज ऐकत माझं कॉलेज झालं. हा माणूस नक्की पुण्याकडचा असणार, असं आम्हा मैत्रिणींना वाटायचं. तीनेक वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा कळलं की माणूस चांदूर बाजारजवळच्या खेड्यातला आहे, वांगी-मेथी पिकवून बाजारात विकणाऱ्या घरातला. काका निवृत्त झाले, पण त्यांची भाषा काही झाली नाही. घरात चहासुद्धा ते “चहा उपलब्ध असल्यास द्यावा” असा मागतात.

“उपलब्ध हाय. उठून घ्या,” पुष्पाकाकू आतून सांगतात. काकूंची वऱ्हाडी अस्सल आहे. त्यांच्या संसाराचा निम्मा गोडवा मला भिंतीपलीकडून फुकट ऐकायला मिळतो.

या धुतल्या तांदळासारख्या भाषेत खडा मात्र एकच. हळूहळू हा शब्द काका ‘हयूहयू’ असा म्हणतात. आता वऱ्हाडात ळचा य होतो, हे काही नवं नाही. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो, केळ्याचं केयं होतं. बरं, आम्हाला ळ म्हणताच येत नाही असंही नाही. थोड्याचं ‘थोळं’ करताना तो बरोबर सापडतो. पण काकांच्या तोंडी शाळा ही शाळाच असते आणि फळा हा फळाच. एवढ्या एका शब्दात काय होतं कोण जाणे.

मी वकील आहे. विसंगती दिसली की मला राहवत नाही. एकदा भिंतीवरून विचारलं, “काका, यवतमाळमधला ळ कायम हजर असतो. हळूमधला कुठे जातो?”

“तो आरोपी फरार आहे, वकीलबाई,” काका म्हणाले. “शोध हयूहयू चालू आहे.”

मी त्याला म्हातारपणाची लकब म्हणून सोडून दिलं आणि पुढे बरेच दिवस त्यांची नक्कल करून नवऱ्याला हसवत राहिले.

माझं स्वतःचं म्हणाल तर सगळं उलटं. कोर्टात साक्षीदार ‘मी तिथे’ एवढं म्हणतो, पुढचं ‘उभा होतो’ मीच म्हणून टाकते आणि समोरचा वकील हरकत घ्यायला उठतो. घरी नवऱ्याचीही वाक्यं मी पुरी करते. त्या बिचाऱ्याने हल्ली अर्धंच बोलायची सवय लावून घेतली आहे. नवं वर्ष तर मी डिसेंबरातच अंगावर ओढून घेते. पहाटे पाचला उठणं, रोज चालणं, साखर बंद, आणि हे सगळं नोंदवायला मोबाइलवर एक ॲप. काकांनी ते ॲप एकदा चष्मा वर करून पाहिलं होतं.

“वकीलबाई, गाडी डेपोतून निघालेली नाही आणि तुम्ही खिडकीतून रुमाल टाकून मोकळ्या!”

पाच-सहा तारखेपर्यंत माझे सगळे रुमाल खिडकीतून बाहेर आलेले असतात, हे त्यांनाही माहीत आहे. पण ते बोलून दाखवत नाहीत.

त्यांचा जानेवारी बघण्यासारखा असतो. नवं कॅलेंडर रबर लावून फ्रिजवर पडलेलं, भिंतीवर जुनं तसंच. पेपर ते दुसऱ्या दिवशी वाचतात, बातमी जरा मुरली पाहिजे म्हणून. चहा बशीत ओततात आणि साय धरेपर्यंत थांबतात. अंगणात उन्हाला बसून एक संत्रं सोलायचं, प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा न् दोरा काढायचा आणि मग ती फोड हातात धरून थोडा वेळ नुसतं बघायचं. मोबाइलवर आलेल्या शुभेच्छांना उत्तरं वीस तारखेनंतर जातात, तीही ‘आपल्या दिनांक एकच्या संदेशास अनुसरून’ अशी. एकदा मी ऑफिसला निघताना ते फाटकाबाहेर पडले होते, आणि विसरलेली फाइल घ्यायला मी अर्ध्या तासाने परत आले तेव्हा ते कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत पोचले होते.

“तारीख पाहाची असन त मले तुमच्या भिंतीवर डोकवा लागते,” काकू मला सांगत होत्या. “आमच्या घरी अजून डिसेंबरच चालू हाय. दाताच्या डॉक्टरनं सातले बलावलं होतं, म्या गेली नवाले. तो म्हने, काहून वो काकू, दोन दिवस दुखलं नाई का? आता काय सांगू त्याले!”

दर जानेवारीत काका अकोल्याला बहिणीकडे जातात आणि तिकडून परत आले की वर्ष लागतं, एवढं गल्लीला ठाऊक होतं. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

या वर्षी मात्र वर्ष लागेचना. काका चार तारखेला अकोल्याला गेले आणि संध्याकाळी घोषणा न करताच घरात शिरले. अकराला पुन्हा गेले, पुन्हा तेच. संक्रांत आली. काकूंनी भिंतीवरून तिळगूळ दिला, पण गोड बोलायचं काही त्यांना सुचलं नाही. काका अंगणात बसायचे, पुढ्यात संत्रं तसंच. सोलायलासुद्धा घेत नव्हते. मला तो संथपणा नेहमीचा वाटेना.

शेवटी मी काकूंनाच गाठलं.

“ताईले डिसेंबरात परत लकवा मारला,” त्या म्हणाल्या. “पहिल्या झटक्यानंतर थोळं थोळं बोलत होती, तेबी बंद झालं. दर वर्षी तिच्या तोंडून शुभेच्छा आल्याबिगर ह्यांचं वर्ष लागत नाई. मंग तिले एक घंटा लागो का दिवस लागो, हे समोर बसून राहतेत. औंदा दोन खेपा झाल्या, काईच नाई. आता म्हनतेत, ताई बोललीच नाई त मले हे वर्ष नको.” काकूंनी पदराने भिंत पुसली, जिला पुसायची काही गरज नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मला अकोला कोर्टात तारीख होती. मी काकांना माझ्या गाडीतून न्यायचं ठरवलं. त्यांना एसटीच हवी होती. काकूंनी डबा, शाल आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी माझ्या गाडीत ठेवून विषय मिटवला.

प्रत्येक गतिरोधकावर “हयूहयू” ऐकत मी बडनेरा ओलांडलं. पुढे बऱ्याच वेळाने काकांनी घसा साफ केला. “पुढील थांबा मूर्तिजापूर. गाडी दहा मिनिटे थांबेल.”

“काका, ही माझी कार आहे. मला अकराला उभं राहायचंय.”

“प्रवासी चहापाणी घेऊ शकतात.”

मी थांबले. चहा बशीत ओतून ते सायीची वाट बघत बसले, आणि मी घड्याळाकडे बघत असताना एकदम म्हणाले, “ही भाषा माझी नाही, वकीलबाई. ताईची आहे.”

निर्मलाताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. घरातल्या पहिल्या शिकलेल्या. अकोल्यात शाळेत मराठीच्या बाई झाल्या आणि धाकट्या भावाला शिकायला स्वतःकडे घेऊन आल्या. माइकच्या नोकरीची मुलाखत आली तेव्हा रोज शाळेतून आल्यावर त्या मनोहरला पेरूच्या झाडाखाली उभं करायच्या, हात बाजूला, मान ताठ.

“मी म्हणायचो, येवतमाय. ती कधी चिडली नाही. नुसतं बोट वर करायची आणि म्हणायची, ‘येवतमाय नाही, यवतमाळ.’ पुन्हा म्हण. रोज. मुलाखतीत साहेबांनी नेमकं यवतमाळच म्हणायला लावलं.” काका हसले. “माझी नोकरी एका अक्षरावर लागलेली आहे.”

“मग हळूमधला ळ?”

त्यांनी बशीतला चहा एका घोटात संपवला. “चला. गाडी सुटते,” म्हणाले. काकांना घाई करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कोर्टात समोरच्या वकिलाने पुढची तारीख मागून घेतली आणि मी दुपारीच मोकळी झाले. सकाळी काकांना सोडलं होतं त्या निर्मलाताईंच्या घरी पोचले तेव्हा त्या व्हरांड्यात उन्हाला खुर्चीवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला, अंगावर काकूंनी पाठवलेली शाल. केस इतके नीट विंचरलेले की मलाच माझा पदर सारखा करावासा वाटला. समोर लहान स्टुलावर काका, जवळजवळ गुडघ्याला गुडघा लावून. मधे शेंगांची वाटी.

मी पायरीवर बसले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. ओठ हलले.

“न...”

काका हलले नाहीत.

“न... न...” मानेची शीर ताठ झाली. एवढा एक आवाज काढायला त्या बाईला सगळं अंग लावावं लागत होतं. आतलं घड्याळ वाजत होतं. मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. माझ्या जिभेच्या टोकावर शब्द वळवळत होते, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मी ते बोलून टाकले.

“नवीन वर्षाच्या शुभेच्छा! हो ना ताई? तुम्हालाही!”

ताईंचं तोंड मिटलं. त्यांनी नजर खाली घेतली आणि डाव्या हाताने शालीचं टोक ओढून घेतलं. काकांनी वाटीतली एक शेंग उचलली आणि सावकाश सोलू लागले. ते रागावले असते तर मला परवडलं असतं.

ताईंची सून सुनीता मला पाणी द्यायला म्हणून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“तुमी मनाले लावून घेऊ नोका,” ती म्हणाली. “साऱ्यायचं असंच होते. दोन खेपा झाल्या, आत्याबाई ‘न’पाशीच अटकून राहिल्या. नवीन वर्षच म्हनत असतीन, असं आमालेबी वाटते. पन मामाजीनं सांगून ठेवलं हाय, तिचा शब्द तिलेच काढू द्याचा.” सासूला ती आत्याबाई म्हणते आणि काकांना मामाजी.

मग चहाचं आधण ठेवता ठेवता तिने सांगितलं ते असं.

“पहिला झटका आला तवा तीन आठवडे एक शब्द नाई. मंग एक दिवस मामाजी त्यायले खांद्याले धरून अंगनात चालवून राहिले होते. तवा मामाजी लय घाईचे. सारी जिंदगी घड्यायावर गेली ना वो. भरभर चालवत होते. अन् आत्याबाईच्या तोंडातून आलं, ‘हयू.’ आमी त नाचाचेच बाकी होतो! पन त्यायनं सोताच ते ऐकलं. अन् पदरात तोंड लपवलं. जलमभर पोरायचा ळ सुधरवला त्यायनं, अन् सोताच्या तोंडून असं आलं. महिनाभर मंग तोंडच उघडलं नाई. लाज वाटली त्यायले.”

“मग?”

“मंग मामाजीनंच तसं म्हनाले सुरुवात केली. मले म्हने, सुनीता, चहा हयू ओत. दूधवाल्याले म्हने, हयू ये. डॉक्टरबाईलेबी म्हने, हयूहयू होईन. तेवढा एकच शब्द, बाकी सारं पुस्तकातलं. आत्याबाई नुसत्या पाहत राहाच्या. एक दिवस हसल्या. तवापासून बोलाले लागल्या.” तिने गॅस बारीक केला. “आपल्या भावाच्याबी तोंडात तेच बसलं, म्हनल्यावर त्यायची लाज गेली असन.”

मी ओट्याला टेकून उभी राहिले. फरार आरोपी सापडला होता, आणि मी त्याच्या नकला करून नवऱ्याला हसवत होते. मला माझीच शरम वाटली. अमरावतीच्या गल्लीतसुद्धा, जिथे ताई ऐकायला नव्हत्या, तिथेही काकांनी तो शब्द कधी नीट म्हटला नव्हता.

मी परत येऊन पायरीवर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ऊन ताईंच्या पायांवरून भिंतीकडे सरकलं. काका शेंगा सोलत होते आणि एकेक दाणा बहिणीच्या डाव्या तळहातावर ठेवत होते. ताई तो खात नव्हत्या. भावाकडे बघत होत्या.

“हयूहयू बोल, ताई,” काका म्हणाले. “मले कोठी जाचं हाय? इथंच बसेल हाय मी. आज नाई त उद्या बोल. तू बोलशीन तवाच आपलं वर्ष.”

काकांच्या तोंडून एवढी वऱ्हाडी मी कधी ऐकली नव्हती. माइकवरचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. पिशवी धरून बाजारात बहिणीमागे चालणारं कोणीतरी बोलत होतं.

ताईंचे ओठ हलले. “न...”

मी जीभ दातांखाली धरली. खरंच धरली.

“न... ना...”

रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली. दारात सुनीता थांबली होती.

“ना... ही.”

नाही? आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. नवीन नव्हतंच ते. काका पुढे झुकले. ताईंचा डावा हात मांडीवरून उठला, दाणे खाली सांडले. हाताचं एक बोट सरळ झालं, वर.

“ह... यू...” त्यांनी मान हलवली. “नाही.”

मग कितीतरी वेळ काहीच नाही. ओठ जमायचे आणि सुटायचे.

“ह... ळू.”

ताई खुर्चीत मागे टेकल्या. कपाळावर घाम होता. बोट मात्र खाली आलं नव्हतं.

चार तारखेपासून ती बाई भावाची चूक सुधारू पाहत होती, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडी शुभेच्छा कोंबत होतो.

काका स्टुलावरून उठले. का उठले ते आधी मला कळलं नाही. त्यांनी दोन्ही हात बाजूला सरळ ठेवले, मान ताठ केली.

“हळू,” ते म्हणाले.

बोट हललं. पुन्हा.

“हळू.”

पुन्हा.

“हळू, ताई.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि हात बाजूला ठेवायचे म्हणून त्यांनी ते पुसलं नाही. ताईंनी बोट खाली घेतलं. तोंड एका बाजूने वाकडं झालं, ते हसू होतं हे मला सुनीताकडे पाहून कळलं.

परतीच्या वाटेवर काकांनी एकही घोषणा केली नाही. मूर्तिजापूरला मीच गाडी थांबवली, चहा सांगितला आणि बशीत ओतून साय धरेपर्यंत बसले. साय धरायला बराच वेळ लागतो. एरवी मी तोवर दोन फोन करते.

दिवेलागणीला गल्लीत शिरलो. पुष्पाकाकू फाटकाशीच उभ्या होत्या, शेजारी समोरच्या वानखडेबाई. गाडीतून उतरून काकांनी स्वेटर खाली ओढला, घसा साफ केला. काकूंचा हात कडीवरच थांबला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नवीन वर्ष फलाट क्रमांक एकवर लागलेले आहे. प्रवाशांनी घाई करू नये. हळूहळू चढावे.”

वानखडेबाई शुभेच्छा द्यायला पुढे झाल्या. काकू तिथेच उभ्या.

“काय म्हनले?”

“हळूहळू.”

“ळ?”

“ताईनं सुधारला,” काका म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “मंग लावा ना फोन तिले! तुमी म्हनलं हे कयू द्या तिले!”

काकांनी फोन लावला, सुनीताने तो ताईंच्या कानाशी धरला असावा. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून काकांनी आवाज मोठा केला, आणि ती घोषणा फाटकापाशी उभं राहून पुन्हा पहिल्यापासून म्हटली. यवतमाळच्या गाडीची करायचे तशी, एकेक अक्षर सुटं करून. हळूहळू चढावे.

पलीकडून काही आलं नाही.

“कटला वाट...” वानखडेबाई म्हणू लागल्या. मी त्यांचा हात धरला.

फोनमधून श्वास ऐकू येत होता. मग एक आवाज निघाला, थांबला, पुन्हा निघाला. काका फोन दोन्ही हातांनी धरून उभे होते, काकू त्यांच्या बाहीला धरून. माझ्या घरात नवरा मला हाक मारत होता, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. ताई शब्द जुळवत होत्या आणि आम्ही थांबलो होतो.